चौदा किलो आणि वर थोडं

विमानात एकशेऐंशी सीटा. दर सीटवर चार खोकी. म्हणजे सातशे वीस खोकी हिरवी केळी, रावेरहून निघून शारजाला पोचणारी. या सगळ्या उलाढालीत भाईदास बैसाणेच्या वाट्याला एक नवा पैसा यायचा नव्हता. कमिशन त्याने मागितलं नव्हतं आणि छगन नानांनी देऊ केलं नव्हतं. दोघंही एकमेकांना चांगले ओळखून होते. भाईदासला मिळायची होती फक्त एक ओळ. मुंबईच्या एका विमान कंपनीत चाळीस नावांची यादी तयार होत होती, आणि त्या यादीत, अगदी चाळिसाव्या नंबरावर का असेना, ‘प्राची भाईदास बैसाणे’ असं लिहिलेलं हवं होतं.

यादीत नाव आलं तर लेकीची नोकरी राहणार. नाही आलं तर लेक घरी.

साल दोन हजार वीस, महिना जूनचा. माणसांनी प्रवास करणं बंद केलं होतं, खरं म्हणजे करू दिलं जात नव्हतं. विमानं कोंबड्यांसारखी ओळीने बसून होती, आणि बसलेल्या विमानाचंही भाडं भरावं लागतं. तेव्हा कंपन्यांनी डोकं चालवलं. माणसं नाहीत तर माल भरा. विमानाचं पोट तर भराच, पण वर सीटांवरही भरा. खोक्यांना पट्टे लावा, जाळी घाला, उडवा. खोकं पाणी मागत नाही, खिडकीसाठी भांडत नाही आणि उतरताना घाई करत नाही. फक्त आग लागली तर ओरडत नाही, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायला दोन माणसं सोबत द्यावी लागतात. प्राची चार वर्षं हवाईसुंदरी होती, एप्रिलपासून बिनपगारी. आता ती खोक्यांची राखणदार व्हायला तयार होती. पण तयार असलेले तीनशे, आणि ठेवायचे चाळीस.

कंपनीतल्या साहेबांनी तिला आडून सांगितलं होतं, “जो माल आणेल त्याला विसरणार नाही आपण.”

प्राचीने ते वडिलांना सांगितलं, आणि भाईदासच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

कारण माल म्हटलं की त्याला कळत होतं. मूळचा सोनगीरचा, आता घर धुळ्यात, पण एकतीस वर्षं त्याने रावेरात मापाडी म्हणून काढली होती. मापाडी म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये काटा धरून उभा राहणारा माणूस. केळीच्या बागेच्या बांधावर घड मोजायचे, आकडा ओरडायचा, चिठ्ठी फाडायची. लायसन मिळालं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या वस्तीतून मापाडी झालेला तो पहिलाच. व्यापारी त्याच्या काट्याकडे जरा जास्त वेळ बघत. का बघत, ते भाईदासला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं: आपल्या मापाला कुणी कधी कमी म्हणायचं नाही. काटा बरोबर आला की तो वर थोडं टाकायचा. चार केळी, कधी अर्धी फणी. घेणाऱ्याच्या बाजूने. वर्षभरात बघणारे बघायचे थांबले. पाच वर्षांत व्यापारी म्हणू लागले, “भाईदासचं माप? डोळे मिटून घ्या.”

रिटायर झाला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याला शाल दिली. शेतकऱ्यांपैकी एकटे छगन नाना आले होते. त्यांनी शाल चाचपून बघितली आणि म्हणाले, “तुह्या हाताले बरकत हाये भाईदास. फक्त ते निघते आमच्या बागेतून.”

सगळे हसले. भाईदासही हसला. बोलण्यात मुद्दा होता, पण शाल गरम होती.

त्याच छगन नानांकडे भाईदास आता गेला. नानांची दहा एकर केळी, घराशेजारी पॅकिंगची शेड, आणि त्या वर्षी व्यापारी नावाला नव्हता. भाव असा पडला होता की घड उतरवण्याची मजुरी सुटत नव्हती.

“इमानात?” नाना म्हणाले. “सीटवर? पट्टा लावून?”

“पट्टा लावून.”

“मी सत्तर वर्षांचा झालो, मले कोनी पट्टा लावला नाही. लाव बाबा. तुही पोर हाये म्हनून देतो. पैसे बुडले तं बुडले.”

प्राचीने फोनवर सगळं नीट सांगितलं. “खोकं चौदा किलोचं, पप्पा. पुठ्ठ्यासकट चौदा. एका सीटवर चार, म्हणजे छप्पन. सीटला तेवढंच चालतं. आणि संध्याकाळी सातला गेट बंद होतं, त्यानंतर देवाचा माल असला तरी घेत नाहीत.”

भाईदासने डायरीत लिहिलं: १४. गेट ७.

मग तो दोन दिवस नानांच्या शेडमध्ये तळ ठोकून बसला. बायका फण्या कापत होत्या, तुरटीच्या पाण्यात धूत होत्या, खोक्यात रचत होत्या. भाईदास मास्क हनुवटीला अडकवून काट्यापाशी. चौदा आलं की तो मान हलवायचा, आणि त्याचा हात आपोआप बाजूच्या पाटीत जायचा. चार केळी वर. झाकण बंद. दुसरं खोकं. चौदा. चार केळी वर. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने स्वतःला विचारलं नाही. परदेशी माल, लेकीच्या नावाचा माल. यात कमी म्हणायला कुणाला जागा ठेवायची की काय?

पहाटे पाचला थंड गाडी रावेरहून निघाली. ड्रायव्हर हिलाल, धुळ्याचाच. शेजारी भाईदास. मुंबईत शिरायचा पास एकट्या हिलालकडे होता, म्हणून भाईदास धुळ्याला उतरणार होता. साडेआठला गाडी पारोळ्याजवळ आली, तेव्हा फोन वाजला.

“पप्पा, इथे प्रत्येक खोकं काट्यावर घेणार आहेत. एकेक. नवीन आदेश आलाय. आपलं चौदाच आहे ना?”

“चौदा?” भाईदास खुशीत आला. “अगं, चौदाला कोण विचारतो! वर आहे. प्रत्येकात चार केळी वर आहेत. कुणी नाव ठेवू शकणार नाही.”

 भाईदासला वाटलं, आता लेक खूश होईल.

“पप्पा,” प्राची म्हणाली, अगदी हळू. “चार केळी म्हणजे किती?”

“सहाशे, सातशे ग्रॅम.”

“सातशे ग्रॅम गुणिले सातशे वीस.”

हिशेब भाईदासच्या तोंडात आपोआप आला. एकतीस वर्षांची सवय. पाचशे चार किलो. तिकीट न काढता सात माणसं विमानात बसवल्यासारखं. आकडा उच्चारून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय उच्चारलं.

“सीटला छप्पनच्या वर एक किलो चालत नाही, पप्पा. तिथे जाळीचा, पट्ट्याचा हिशेब असतो. कागदावर चौदा आहे. खोकं जास्त भरलं तर ते म्हणतील मालकाने खोटं वजन लिहिलं. सगळा माल परत. आणि माल कोणी आणला? मी आणला.”

“खोटं नाही गं. जास्त आहे. कमी थोडंच आहे?”

“इथे दोन्ही सारखंच आहे, पप्पा.”

हे वाक्य त्याला समजलं नाही असं नाही. समजलं, पण आत घ्यायला जागा सापडेना. पारोळ्याहून मुंबई, भरल्या गाडीने नऊ तास. गेट सातला. म्हणजे दहाला निघालंच पाहिजे. हातात दीड तास, आणि उघडायची खोकी सातशे वीस.

छगन नानांची मुलगी सुलक्षणा पारोळ्यातच दिलेली. सासरचं धान्याचं दुकान, मागे पत्र्याचं मोठं गोदाम. नानांनी फोन केला, आणि गाडी गोदामाच्या दारात लागेपर्यंत सुलक्षणा दोन इलेक्ट्रॉनिक काटे मांडून उभी होती. पण माणसं? गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या, तोंडाला पदर लावून, आणि परगावची गाडी बघून तिथेच थांबल्या. त्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या कोरोनाच्या आकड्यांनी सगळ्यांची झोप उडवली होती, आणि पारोळंही त्याच जिल्ह्यात असलं तरी रावेर त्यांना परदेश वाटत होता.

“कथानी गाडी शे?” सुंदरबाई नावाच्या म्हातारीने विचारलं.

“रावेरनी,” हिलाल म्हणाला.

“मंग लांबच ऱ्हा, भाऊ.”

भाईदास पुढे झाला. त्याने हात जोडले. कुणापुढे हात जोडायची त्याला सवय नव्हती, म्हणून ते नमस्कारासारखे न दिसता काहीतरी लपवल्यासारखे दिसले. “अक्का, मन्ही पोरनी नोकरी शे यामा. प्रत्येक खोकामातून चार केळा काढाना शेतस. बस.”

“आनि काढेल केळा?” सुंदरबाईने विचारलं. “त्या आम्हले भेटतीन का?”

“बठ्ठा तुम्हना.”

म्हातारीने मनाशी हिशेब केला. कोरोना एका बाजूला, दोन हजार आठशे ऐंशी केळी दुसऱ्या बाजूला. मग ती ओट्यावरून उतरली आणि मागे वळून ओरडली, “चला व बायास्वन! तोंड बांधा, हात धुवा!” पाच मिनिटांत बावीस बायका गोदामात होत्या.

खोकी उतरली. चिकटपट्ट्या टराटर फाटू लागल्या. पत्रा तापत चालला होता. भाईदास एका काट्यावर, सुलक्षणा दुसऱ्यावर. आयुष्यभर वर टाकणारा हात आता काढत होता, आणि त्या हाताला ते जमत नव्हतं. तीन केळी काढली की तो थांबायचा. चौथं हातात धरून बघत राहायचा. काट्यावर चौदा किलो शंभर ग्रॅम.

“काका,” सुलक्षणा म्हणाली, “चौदा म्हणजे चौदा.”

“हो गं बाई. पण एखाद्यात कमी आलं तर?”

“नाही येत. काटा दाखवतोय ना.”

“काटा दाखवतो. माणूस बघतो.”

सुलक्षणाला त्याचा अर्थ लागला नाही. तिने त्याच्या खोक्यातलं चौथं केळं स्वतःच काढलं आणि पाटीत टाकलं.

साडेनऊ झाले. पावणेदहा. भाईदासच्या शर्टाची पाठ चिंब. एका बाईच्या हाताला पट्टी कापायचं ब्लेड लागलं. तिने बोट चोखलं आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं. एक खोकं खाली पडून फुटलं. नवं खोकं नव्हतं, म्हणून दोरीने बांधलं, मग दोरी चालेल का म्हणून भांडण झालं, मग सुंदरबाईने “दोरी काय वजन करस का?” म्हणून ते मिटवलं. भाईदास तेवढ्यातही मनात दोरीचं वजन काढत होता.

दहाला पाच कमी असताना प्राचीचा फोन आला.

“किती झाली?”

“चारशे आठ.”

“बस झाली. ऐका पप्पा, मी साहेबांशी बोललेय. कमी माल चालेल. कागद बदलून देतात. चारशे आठ म्हणजे एकशेदोन सीटा. उरलेल्या सीटांवर एक भेंडीवाला आहे, तो टाकतो. तुम्ही तेवढी भरा आणि निघा. आत्ता निघा.”

“आणि बाकीची?”

“राहू देत. नानांना मी सांगते. पप्पा, निघताय ना?”

“निघालो,” भाईदास म्हणाला.

फोन खिशात गेला. हिलाल आधीच भरलेली खोकी गाडीत चढवत होता. भाईदास काट्यापाशीच उभा. त्याच्या समोर तीनशे बारा खोकी. कागदावर सातशे वीस. तो मनातल्या मनात मुंबईच्या त्या गेटवर जाऊन उभा राहिला. कोणीतरी कागद बघतोय, गाडी बघतोय, परत कागद बघतोय. आणि विचारतोय, हा माल कोणाचा? बैसाणेंच्या मुलीचा. बाकीचा कुठे गेला? पंचवीस वर्षांचा असताना काट्यावर खिळलेल्या त्या नजरा त्याला जशाच्या तशा आठवल्या. मधली एकतीस वर्षं, शाल आणि सगळं, कुठे गेलं कुणास ठाऊक.

“आबा, दहा वाजी ग्यात,” हिलाल म्हणाला. “आते निंघनं पडी.”

“अर्धा तास.”

“आबा, ती पोर काय म्हने?”

“ती म्हने, कागद बदली देतस, निंघा. पन अर्धा माल कसा धाडू? कागदवर सातशे वीस शे.”

सुलक्षणा काट्यावरून उठली. “काका, प्राचीताई सांगतेय तेवढाच न्या. कागद ते बदलतायत म्हणाली ना?”

“बाई, कागद बदलतो. नाव बदलत नाही. एकदा कमी दिलं की दिलं.” त्याने बायकांकडे वळून आवाज चढवला, आणि तो चढवलेला आवाज रडक्या बाजूला गेला. “हात चालवा गं माझ्या मायांनो! अर्धा तास फक्त!”

बायकांनी हात चालवले. पण बावीस जोड्या हात पहिल्या तासात जे करतात ते दुसऱ्या तासात करत नाहीत. त्यातून पाटीतली केळी घरी पोचवायला मधूनच एकेक जण जाऊन यायची. अकराला प्राचीचा फोन आला. “धुळं आलं?”

“आलं,” भाईदास म्हणाला. त्याच्या मागे टर्रकन एक पट्टी फाटली.

“तो आवाज कसला?”

“टायरचा.”

एकतीस वर्षांत त्याने एकही खोटा आकडा ओरडला नव्हता. त्या दिवशी सकाळपासून ही तिसरी थाप.

सातशे विसावं खोकं बंद झालं तेव्हा सव्वाबारा वाजले होते. चौदा किलो. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही. भाईदासने खोक्यावर हात फिरवला. असं माप त्याने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि बघायला कुणी व्यापारी तिथे नव्हता.

धुळ्याच्या बायपासला तो उतरला तेव्हा सव्वा वाजला होता. हिलालने काच खाली करून म्हटलं, “दाबस आबा, जितली दाबाई तितली,” आणि त्याने खरंच दाबली. पण गाडी भरलेली होती आणि रस्ता तेवढाच लांब होता.

घरी भागाबाईने ताट वाढलं. “पोर काय म्हने?”

“गाडी गई.”

“टाइमवर?”

भाईदासने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. मग तो उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली त्याच्या लायसनची फ्रेम, शेजारी निळ्या गणवेशातली प्राची, विमानाच्या पायऱ्यांवर. चार वाजले. पाच वाजले. घड्याळाकडे बघून तो गाडीचं अंतर काढायचा, मग ते पुसून परत काढायचा. प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं, तरी तो काढायचा. सहाला त्याने हिलालला फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग त्याच्या लक्षात आलं की हिलाल दुसऱ्या कुणाशी बोलतोय, आणि कोणाशी ते त्याला कळलं, आणि त्याने फोन उलटा करून ठेवला.

सव्वासहाला तो वाजला.

“पप्पा,” प्राची म्हणाली. मागे कुणीतरी मोठमोठ्याने नंबर वाचत होतं. “हिलालभाऊ इगतपुरीला आहेत.”

“हो.”

“धुळ्यात किती वाजता होतात तुम्ही?”

भाईदासच्या तोंडाशी अकरा आलं होतं. “सव्वाला,” तो म्हणाला. “दुपारी.”

“मी दहाला म्हटलं होतं चारशे चालतील.”

“अर्धा माल पाठवला असं झालं असतं, बेटा. तुझं नाव...”

“माझ्या नावावर एकशेदोन सीटा धरल्या होत्या मी,” प्राची म्हणाली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. “बरं. भेंडीवाल्याला सांगावं लागेल. ठेवते.”

विमान वेळेवर गेलं. एकशेऐंशी सीटांवर भेंडी बसली, पट्टे लावून. गाडी साडेनवाला पोचली आणि गेटवरून वळून वाशीच्या मार्केटला गेली. तिथे त्या आठवड्यात केळी मातीमोल होती. यादी बुधवारी लागली. चाळीस नावं होती. ऑगस्टमध्ये प्राची एक बॅग घेऊन धुळ्याला आली, आणि वडिलांना त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. भाईदासने एका भल्या सकाळी रावेर गाठलं आणि छगन नानांसमोर बँकेचं पासबुक ठेवलं. नानांनी ते उघडलंही नाही.

“ठेव खिशात,” ते म्हणाले. “मी पह्यले हिशेब केला व्हता. एकतीस वर्षांत वरच्या केळांचे किती झाले तो. त्याच्यापुढी हे काय हाये?”

नानांच्या बोलण्यात राग नव्हता. भाईदास पासबुक घेऊन बांधावरून परत निघाला, आणि चालता चालता सवयीने त्याने जमाखर्च मांडला. सुंदरबाई आणि बावीस बायका: केळी घेतली, आठ दिवसांत पिकवली, खाल्ली. हिलाल: भाडं मिळालं. भेंडीवाला: एकशेदोन सीटा फुकटच्या फायद्यात. विमान कंपनी: तोटा नाही. रावेरचे शेतकरी: एकतीस वर्षं, दर घडामागे चार केळी भरली. छगन नाना: तेवढं, आणि वर सातशे वीस खोकी. प्राची: नोकरी, एकरकमी.

भाईदास: काही भरावं लागलं नाही. नेहमीप्रमाणे.